हरिश्चंद्राचे चुलतसासरे

गोव्यातल्या सर्वणच्या भिकाजी गावसांच्या घरात दिवाळीपासून एक वाचणारा प्राणी राहायला आला होता. पुढच्या खोलीत मेजावर बसून तो दिवसभर वाचायचा. जेवायला उठायचा नाही, झोपायचा नाही, आणि त्याच्या वाचनाचं वीजबिल भिकाजींना भरावं लागायचं. पण त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. सुर्ल्याच्या खाणीवर, कचेरीत, उभी हयात कारकुनी केलेल्या माणसाला आपल्या घरात कुणीतरी इतकं मन लावून वाचतंय याचं कौतुकच जास्त होतं. स्वतः भिकाजींनी निवृत्तीनंतर वाचायचं म्हणून आणलेली चार पुस्तकं अजून पिशवीतच होती.

प्राणी म्हणजे अर्थात कॉम्प्युटर. भिकाजींची मुलगी कोमल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती आणि तिच्या प्रोजेक्टचा विषय असा होता, की कॉम्प्युटरला कुणी काही शिकवायचं नाही. त्यानं इंटरनेटवरचं मराठी आपलं आपण वाचायचं आणि वाचता वाचता कोण कुठला, कोण कुणाचा, काय कशात मोडतं हे टिपत जायचं. एका ठिकाणी वाचलं तर संशय, चार ठिकाणी वाचलं तर विश्वास, आणि चाळीस ठिकाणी वाचलं की ब्रह्मवाक्य.

"मगे तेका कॉलेजात कित्याक व्हया?" भिकाजींच्या पत्नी सुमंगलाबाई म्हणाल्या होत्या. "आमच्या बाबलीचांय तसांच आसा."

बाबली म्हणजे शेजारी. त्याच्याविषयी पुढे येईलच, कारण त्याला टाळून सर्वणमध्ये कुठलीच गोष्ट पुढे जात नाही.

कोमलनं प्रोजेक्टला पाच इंग्रजी अक्षरांचं नाव दिलं होतं. भिकाजींनी त्याचं रीतसर बारसं करून 'वाचस्पती' ठेवलं. वाचस्पती भराभर शिकू लागला. चोपडे हे गाव शापोरा नदीच्या काठी आहे, सुर्ला डिचोली तालुक्यात मोडतं, उंडा हा पावाचा प्रकार आहे, असं खरं खरं ज्ञान त्यानं मिळवलं. मधूनच घसरायचाही. चतुर्थीच्या बातम्या वाचून त्यानं टिपलं, की गणपती नावाचे एक पाहुणे दर वर्षी गोव्यात येतात, दीड ते अकरा दिवस मुक्काम करतात आणि मग आपल्या गावाला परत जातात. गावाचं नाव अद्याप समजलेलं नाही. कोमलनं कपाळावर हात मारून घेतला. भिकाजी मात्र म्हणाले, "तेच्यात खोटां काय आसा?" आणि खरंच, त्यात खोटं काही नव्हतं.

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. बिघडलं ते योगेशच्या लग्नावरून.

योगेश हा भिकाजींचा पुतण्या. धाकटा भाऊ लवकर गेला, मागोमाग वहिनी गेली, आणि पोरगं सुमंगलाबाईंच्या पदराखाली वाढलं. आता तो सुर्ल्याला खनिजाचा टिपर चालवायचा. अंगानं थोराड, स्वभावानं गाय. त्याच्यासाठी एक स्थळ आलं होतं आणि ते सगळ्यांच्या मनात भरलं होतं. मुलगी अर्चना डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला होती. तिचे वडील गणपतराव खोत मूळचे गडहिंग्लजकडचे, त्याच वसाहतीत दुसऱ्या कारखान्यात मुकादम. योगेशनं मुलीला एकदाच, तेही डॉक्टरच्या दवाखान्यात लांबून पाहिलं होतं. पण तेव्हापासून तो टिपर धुताना गुणगुणू लागला होता. सुमंगलाबाईंनी ते ऐकून देवाला नारळ बोलून टाकला.

एकच गोष्ट भिकाजींनी गणपतरावांना अर्धीच सांगितली होती. योगेश पेडण्याकडच्या एका दशावतार मंडळात काम करायचा. तेवढं त्यांनी सांगितलं होतं. 'कसलं काम' हे गणपतरावांनी विचारलं नव्हतं, आणि न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देणं हे भिकाजींच्या कचेरीतल्या संस्कारात बसत नव्हतं. गणपतरावांनी योगेशचे दंड पाहून आपल्या मनाशी भीम ठरवून टाकला असावा. प्रत्यक्षात योगेश बायकांची कामं करायचा. मंडळाच्या भाषेत स्त्रीपार्टी. पाच वर्षं तो हरिश्चंद्राच्या आख्यानात तारामती होता, आणि पेडणे तालुक्यात अशी बाई नव्हती जिनं त्याला पाहून पदर डोळ्याला लावला नसेल.

बोलणी करायला खोत मंडळी रविवारी आली. गणपतराव, त्यांच्या पत्नी हौसाबाई आणि अर्चना. सुमंगलाबाईंनी पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, ताजे उंडे आणवले होते, पातळभाजी केली होती, वर नेवऱ्या तळल्या होत्या. गणपतरावांनी दोन उंडे संपवले, मिशा पुसल्या आणि योगेशकडे बघून म्हणाले, "पोरगं झकास हाय. मिशी तेवढी का ठेवत न्हाई?"

"खाणीर धूळ खूब," भिकाजी म्हणाले. "मिशयेत बसता."

हे उत्तर इतकं चटकन आलं की भिकाजींना स्वतःचाच अभिमान वाटला. अभिमान ही चीज एकदा चढली की थांबत नाही. ते म्हणाले, "बरं, आमच्या कोमलचा वाचस्पती पाहिलात की नाही? जगातलं काहीही विचारा. खोटं बोलणार नाही. त्याला खोटं बोलायला शिकवलंच नाहीये."

"बाबा, आज नको," कोमल म्हणाली. पण भिकाजींनी तोपर्यंत पडद्यावरचं कापड बाजूला केलं होतं.

गणपतरावांनी आधी आपलं गडहिंग्लज विचारलं. वाचस्पतीनं तालुका, जिल्हा, नदी सगळं बिनचूक सांगितलं. गणपतराव खूश झाले. मग त्यांनी कारखान्यात माणसांची हजेरी तपासावी तशा सहज सुरात म्हटलं, "आता ह्यो आपला जावई काय म्हणतोय बघू. घाला, योगेश गावस."

कोमलची बोटं अडखळली. पण भिकाजींनी मान हलवली. पुतण्याचं नाव इंटरनेटवर आहे हेच त्यांना थोर वाटत होतं. पडद्यावर उमटलं ते कोमलला मोठ्यानं वाचावं लागलं, कारण गणपतराव चष्मा विसरले होते.

"योगेश गावस. स्त्री. पती, राजा हरिश्चंद्र. अपत्य एक, रोहिदास, मयत. काशी येथे विक्री झाली. पूर्वीचे पती पाच, आडनाव पांडव. व्यवसाय..." इथे कोमलचा आवाज जरा सावरला, "टिपरचालक. बाबा, हें एक बरोबर आसा."

गणपतरावांचा हात मिशीवर गेला.

भिकाजींनी खुलासा केला. हे नाटकातलं आहे, मंडळाच्या पानावर लोक फोटो टाकतात, खाली लिहितात, 'आमची तारामती, योगेश गावस', 'काशीच्या बाजारात तारामती विकली गेली तेव्हा सगळी जत्रा रडली', आणि हे बिचारं यंत्र वाचेल ते खरं मानतं. गणपतरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे पोरगं बाई न्हाई. बाईचं सोंग घेतंय."

"होय, होय!" भिकाजी सुटकेनं म्हणाले.

"ह्यातलं कंचं बरं, तुमीच सांगा."

 गणपतराव उठले. "भिकाजीराव, माझ्या हाताखाली साठ माणसं हाईत. उद्या ती म्हणतील, खोताचा जावई साडी नेसतोय. तुमीच म्हणालासा, यंत्र खोटं बोलत न्हाई. मग ते जवा म्हणंल, पोरगा पुरुष हाय आन् बिनलग्नाचा हाय, तवा फोन करा."

रागात बोललेलं वाक्य होतं. त्याचा अर्थ 'पुन्हा फोन करू नका' असा होता हे सुमंगलाबाईंना कळलं, कोमलला कळलं, दारात उभ्या असलेल्या बाबलीलाही कळलं. भिकाजी मात्र कारकून होते. साहेबानं अमुक कागद आणा म्हटलं की तो कागद आणायचा, एवढंच त्यांना ठाऊक. कागद आणला की काम होतं अशी त्यांची श्रद्धा होती आणि इतक्या वर्षांच्या नोकरीनंही ती ढळली नव्हती.

"कोमल," ते म्हणाले, "खोड ता सगळां."

"हातान खोडूक जावचा नाय, बाबा. तेना वाचूनच शिकाक व्हया. ताच तर प्रोजेक्ट आसा. परीक्षेक सर पयलो तोच प्रश्न विचारतले, हात लावलास काय म्हणान."

"बापाच्या अब्रूपेक्षा सर मोठे?"

"मार्कां सर देतत," कोमल म्हणाली.  मुलगी प्रामाणिक निघाली याचा आनंद मानायचा की दुःख, हा प्रश्न आईबापांना नेहमी अडचणीच्या वेळीच पडतो.

तेव्हा बाबली पुढे सरसावला. बाबली निवृत्त बस कंडक्टर. आयुष्यभर लोकांना 'फुडें सर' सांगितल्यामुळे कुठल्याही घोळात पुढे सरणं हा त्याचा स्वभावच झाला होता. "भिकाजी, माजां आयक," तो म्हणाला. "ह्येका चाळीस जणांनी सांगितलेला खरा वाटता मरे? मगे चाळीस जणांकडसून लिवून घेवया. योगेश दादलो आसा, बाई नाय, लगीन जावक नाय. संपलो प्रश्न."

आता असा सल्ला ऐकावा का? पण बुडत्याला बाबलीचा आधार. दुसऱ्याच दिवशी दोघे बाबलीच्या स्कूटरवरून चोपड्याला गेले. मंडळाचं इंटरनेटवरचं पान तिथला अमोल नावाचा तरुण सांभाळायचा. त्याचं मासळीचं दुकान होतं. एका हातात सुरी, दुसऱ्या हातात मोबाइल अशा अवस्थेत त्यानं यांची कैफियत ऐकली.

"काका, फोटोखाली तारामतीच लिवूक व्हया," तो म्हणाला. "लोक तारामतीक बघूक येतत. योगेशाक बघूक कोण येतलो? टिपर बघूक?"

नाव बदलायचं तर मंडळाची बैठक लागेल, आणि बैठक जत्रांचा हंगाम संपल्याशिवाय होत नाही, कारण हंगामात मंडळी रोज नव्या गावात असतात. पण अमोल मनानं चांगला होता. हात धुऊन त्यानं तिथल्या तिथे एक खुलासा लिहून टाकला: 'सर्व रसिकांना कळविण्यात येते की आपल्या सर्वांची लाडकी तारामती योगेश गावस हे प्रत्यक्षात पुरुष असून अविवाहित आहेत.' भिकाजींनी तो तीनदा वाचला. भाषा शुद्ध होती. त्यांनी अमोलकडून खुशीनं शेर नावाची मासळी विकत घेतली आणि घरी आले.

संध्याकाळपर्यंत खुलाशाखाली रसिक जमले. 'अशक्य!' 'विश्वास बसत नाही!' 'कुणीही काहीही म्हणो, आमच्यासाठी ती तारामतीच!' 'रोहिदासाला मांडीवर घेतलेली ती आई आम्ही डोळ्यांनी पाहिली आहे.' मोरजीच्या एका बाईंनी तर आपण तारामतीला साडी दिली होती तिचा फोटोच टाकला. वाचस्पतीनं हे सगळं निष्ठेनं वाचलं. एका ठिकाणी म्हटलं होतं पुरुष, आणि शेकडो ठिकाणी म्हटलं होतं आई. योगेश स्त्री असल्याबद्दलची त्याची खात्री ब्याण्णव टक्क्यांवरून नव्व्याण्णववर गेली.

"एक टक्को रवला," बाबली म्हणाला. "धीर सोडू नको."

मग भिकाजी पंचायतीत गेले. त्यांची कल्पना अशी, की योगेश अविवाहित असल्याचा दाखला घ्यायचा आणि पंचायतीच्या पानावर लावायचा. सरकारी पान आहे, वाचस्पती त्याला मान देईल. तिथल्या बाईंनी त्यांना प्रेमानं बसायला कदेल दिली. म्हणाल्या, लग्न झाल्याचा दाखला मिळतो, जन्माचा मिळतो, मृत्यूचा मिळतो, घराचा मिळतो. "जें जावंक ना, तेचो दाखलो आमी कसो दिवप? न जालेल्यो गजाली कितल्यो आसतत, गावसबाब!" यात तत्त्वज्ञान होतं. भिकाजी त्याचा विचार करत चालत घरी आले आणि वाटेत दोनदा चुकून दुसऱ्याच्या फाटकात शिरले.

शेवटी त्यांनी लेखणी उचलली. डिचोलीच्या एका स्थानिक बातम्यांच्या पानावर लोकांचे लेख छापून यायचे. भिकाजींनी दोन दिवस खपून लेख लिहिला, 'माझा पुतण्या योगेश'. त्यात त्यांनी योगेशचं बालपण, शील, कष्टाळूपणा आणि तारामतीची भूमिका हे सगळं वेगवेगळं करून नीट समजावून सांगितलं होतं. लेखाखाली स्वतःचं पूर्ण नाव, निवृत्त प्रधान कारकून, सर्वण, असं घातलं होतं. प्रधान हे विशेषण कंपनीनं कधी दिलं नव्हतं, पण कंपनी आता कुठे वाचत होती?

वाचस्पतीनं वाचलं. कोमलनं पडदा पाहिला आणि ओढणी तोंडात कोंबून आत पळाली. भिकाजींनी चष्मा लावला.

'भिकाजी गावस. निवृत्त प्रधान कारकून. योगेश गावस यांचे चुलते. सबब, राजा हरिश्चंद्र यांचे चुलतसासरे.'

खरं तर हे कौतुक करण्यासारखं होतं. यंत्रानं पहिल्यांदाच दोन वाचलेल्या गोष्टी जोडून तिसरी न वाचलेली गोष्ट काढली होती. कोमलचे सर फोनवर आनंदानं ओरडले म्हणतात. पण घरच्या माणसाची प्रगती आपल्या अंगावर आली की तिचं कौतुक करणं जड जातं. त्यातून बाबली त्या वेळी खिडकीत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पोदेरानं सायकलचा भोंगा वाजवून हाक मारली, "चुलतसासऱ्यानुऽ, उंडे कितले?" देवळात पुजाऱ्यानं तीर्थ देताना विचारलं, "जावयबापू बरे मू? सप्नांत येतत काय नाय?" बसमध्ये एका अनोळखी गृहस्थानं उठून जागा दिली आणि म्हणाला, "बसा, तुमचां तर राज्य गेलां." भिकाजी बसले नाहीत. सर्वणपर्यंत उभ्यानं आले.

हे सगळं त्यांनी सोसलं असतं. पण त्या आठवड्यात एक दिवस योगेश जेवायला बसला आणि सुमंगलाबाईंचा हात वाढता वाढता थांबला. त्याच्या ओठावर काळी रेघ उमटली होती.

"मिशी वाढयतंय," योगेश ताटाकडे बघत म्हणाला. "मालकाक सांगलंय, फुडल्या महिन्यापासून दुसरी तारामती बघा."

"आणि मालक काय म्हणालो?" भिकाजींनी विचारलं.

"काय म्हणतलो? गप रवलो. मगे म्हणालो, साडये इस्त्री करून धाडून दी."

त्या रात्री जेवताना भिकाजींची नजर आतल्या खोलीत गेली. दुपारपासून त्या साड्या तिथे घड्या घालून ठेवलेल्या होत्या आणि योगेशनंच त्यांना इस्त्री केली होती. भिकाजींना आतून फार वाईट वाटलं. पोरगं लहानपणी फारसं बोलायचं नाही; आई गेल्यावर तर वर्षभर गप्पच होतं. ते पहिल्यांदा मोकळं झालं ते जत्रेत, रंगमंचावर, दुसऱ्याच्या साडीत. हे भिकाजींना माहीत होतं. माहीत असून त्यांनी ती गोष्ट गणपतरावांपासून लपवली होती, जणू काही ते पोराचं व्यसन होतं. वाचस्पतीनं चुकीचं का होईना, उघडपणे सांगितलं. 'आपण मात्र धुळीचं कारण सांगितलं,' असं त्यांच्या मनात आलं आणि ताक पिताना त्यांना ठसका लागला.

ते फोन उचलून गणपतरावांना सरळ काय ते सांगणार होते. काय सांगणार होते हे त्यांचंही नक्की नव्हतं. पण त्याआधीच गणपतरावांचा फोन आला. आवाज पडलेला होता.

"भिकाजीराव, आमच्या घरात दुमत झालंय. हौसा म्हणतीया, मी एकदा सोता त्या यंत्राला इचारनार. मी लई सांगितलं. ऐकत न्हाई. येतो आमी उद्या."

दुसऱ्या दिवशी ती तिघं आली. या वेळी कुणी उंड्यांना हात लावला नाही. हौसाबाई सरळ वाचस्पतीसमोरच्या कदेलवर बसल्या, पदर खोचला आणि कोमलला म्हणाल्या, "इचार बाळ. योगेश दारू पितो का?"

"माहिती नाही, असं म्हणता," कोमल म्हणाली.

"नाय पिणा! कधीच नाय!" भिकाजी उसळून म्हणाले.

"तुमाला न्हाई इचारलं, दादा. त्याला इचारलं." हौसाबाईंनी मान वळवलीसुद्धा नाही. "बरं, कुणावर हात उगारला का, इचार."

कोमलनं टाइप केलं. पंधरवडाभर रसिकांचं सगळं लिहिणं वाचून वाचस्पतीकडे आता योगेशविषयी खूपच माल जमला होता. कोमल वाचू लागली. "कोणावर हात उगारल्याचे आढळले नाही. काशीच्या बाजारात स्वतः मार खाल्ला."

"नवऱ्याशी कसा वागला?"

गणपतरावांनी "अगं ए" म्हणून डोळे मिटले. भिकाजींनीही मिटले.

"पतीने वचनापायी विकले," कोमल हळू वाचत होती. "पतीला दोष दिला नाही. दुसऱ्याच्या घरी धुणीभांडी केली. मुलगा सर्पदंशाने गेला तेव्हा एकटीच होती. रडली. ठिकाणे, चोपडे, मोरजी, हरमल, मांद्रे, आणखी पुष्कळ."

हौसाबाईंनी खोचलेला पदर सोडला. मग म्हणाल्या, "कुठं हाय त्यो?"

योगेश मागच्या अंगणात होता. त्याला बोलावून आणलं. हात ग्रीसनं काळे, ओठावर आठवडाभराची मिशी, आणि नजर जमिनीवर. अर्चनाकडे बघायचं धैर्य त्याला झालं नाही.

"खरं सांगायचं," हौसाबाई म्हणाल्या. "पोर मरतंय तवा रडतोस, ते खरं का खोटं?"

योगेश गोंधळला. त्यानं काकाकडे पाहिलं. "पयल्या वरसा खोटां," तो म्हणाला. "मालकान शिकयल्यान तसां रडलंय. मगे एकदा पोराक मांडयेर घेतलंय, आणि माका माजी आवय दिसली. बाबा गेलो तेवा ती तशीच बसलली. आवाज नाय, काय नाय. तेच्यामागसून माका रडूचा लागणा नाय. आपसूक येता."

सुमंगलाबाई आत निघून गेल्या. आतून बराच वेळ भांडी उगाचच इकडची तिकडे केल्याचा आवाज येत राहिला.

हौसाबाई नवऱ्याकडे वळल्या. "थोरल्या शीतलला तुमी बघून दिली. ह्ये एवढ्या मिशा, ह्ये एवढी छाती. तुमच्या साठ माणसांनी वाहवा केली. ती माराच्या खुणा घिऊन घरला आली, तवा त्या साठातला एक तरी बघाया आला का?"

 गणपतरावांनी खिशातून रुमाल काढला, घडी उलगडली आणि पुन्हा तशीच घालून ठेवली. त्यांच्या तोंडावर इतका साधा, थकलेला बाप दिसत होता, की भिकाजींना त्यांच्यावरचा सगळा राग विसरायला झाला. ते जवळ जाऊन बसले.

"गणपतराव," ते म्हणाले, "मी तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं. लाज वाटली. माझी चूक."

"मी तरी कुठं आधी शीतलचं सांगितलं तुमाला?" गणपतराव म्हणाले.

 हौसाबाई उठल्या, योगेशचा ग्रीसनं माखलेला हात तसाच धरून त्याला पुढे आणला आणि म्हणाल्या, "तारीख बघा. माझी पोर मी ह्याला देणार." मग एकदम काहीतरी आठवल्यासारखं थांबल्या आणि कोपऱ्यात बसलेल्या अर्चनाकडे वळल्या. "तुला चालतंय न्हवं गं?"

"मला चालतंय की," अर्चना म्हणाली. "मी आन् कारखान्यातली रेश्मा, दोन साल झालं, चोपड्याच्या जत्रंला ह्यांचीच तारामती बघायला जातोय. म्हणून तर ह्या स्थळाला हो म्हणाले."

योगेशनं पहिल्यांदा मान वर केली. हौसाबाईंनी कपाळावर हात मारला. "अगं माझे बाई! मग पंधरा दिवस घरात एवढा दंगा चाललाय, तोंड का उघडलं न्हाईस?"

"मला कुणी इचारलं?" अर्चना म्हणाली. "सगळी त्या कॉम्प्युटरलाच इचारत हुती."